एकच रान, सगळे ऋतू: झाडांच्या गर्दीत फोटो कसा सापडतो?

रानवाट (धागाकर्ती)

जंगलाचे फोटो म्हटलं की बहुतेक जण मोसम गाठायला धावतात. पानगळीचे रंग चढले की एक फेरी, धुकं पडलं की दुसरी, आणि मधले महिने कॅमेरा कपाटात. मला या धाग्यात वेगळी बाजू मांडायची आहे. एकच छोटा तुकडा धरा, थोड्या वेळात पायी फिरून होईल एवढा, आणि वर्षभर तिथेच जात राहा. तो तुकडा निवडायचा मात्र झाडं उघडी असताना, अंगावर पान नसताना.

कारण सांगते. डोंगर, किनारा, जुनी इमारत अशा विषयांत नजर आपसूक एका जागी जाते. रानात तसं होत नाही. प्रत्येक फांदी दुसऱ्या फांदीला छेदत असते. तिथे उभं असताना आपल्याला त्याचा त्रास होत नाही, कारण दोन डोळ्यांमुळे अंतर कळतं आणि चालताना जवळचं खोड लांबच्या खोडावरून सरकताना दिसतं. फोटोत या दोन्ही गोष्टी जातात, पुढचं आणि मागचं एकाच पातळीवर येऊन चिकटतं. म्हणून रानातल्या फोटोचं पहिलं काम खोडं एकमेकांपासून सुटी करणं. रंगाचा विचार त्यानंतर.

पानं नसली की कुठलं खोड कुठे झुकलंय, कुठल्या दोन झाडांमध्ये मोकळी फट आहे, कुठली फांदी कमान करते, हे सगळं स्पष्ट दिसतं. अशा वेळी रचना ठरली की पुढे पालवी येवो, धुकं येवो, पाऊस येवो, पाया पक्का असतो. भर हिरवाईत जागा शोधायला गेलं की पानांची शोभा दिसते आणि खालची बांधणी दिसत नाही.

ऋतूबरोबर रंग बदलतो हे सगळेच सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे नजर किती आत जाते ते बदलतं. उघड्या रानात ती खूप खोल जाते, पालवीत थोडी अडते, गच्च हिरवाईत पहिल्याच भिंतीवर आपटते, आणि धुक्यात आपल्याला हवी तिथे थांबते. फोटो कसा काढायचा हे त्यावर ठरतं. तुमचे अनुभव लिहा, जमलं तर प्रचि (प्रकाशचित्रं) पण टाका.

नवशिका_नयन

धाग्याबद्दल आभार, रानवाटताई. नेमकं इथेच अडलंय. झाडं पूर्ण हिरवी असताना काढलेले माझे सगळे फोटो सपाट येतात. समोर उभं असताना मन भरून जातं आणि पडद्यावर एक हिरवा पडदाच दिसतो. वाइड लेन्स वापरतो, सगळं मावावं म्हणून. त्यात काही चुकतंय का? आणि मोबाइलवर हे जमेल का?

जुनाट_ट्रायपॉड

नयन, गच्च हिरवाई हा रानातला सगळ्यात अवघड काळ आहे, त्यामुळे तुझी अडचण खरीच आहे. तीन-चार गोष्टी सांगतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी: पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायचा, चमक कापणारा फिल्टर. जून पानाच्या पाठीवर मेणाचा पातळ थर असतो आणि त्यात आकाश चमकतं. ढगाळ दिवशी ही चमक पांढरट-निळसर असते आणि हिरव्यावर राखाडी साय धरल्यासारखी दिसते. पोलरायझर फिरवलास की ती चमक उतरते आणि पानाचा खरा रंग वर येतो. लोकांना वाटतं हा फिल्टर निळ्या आकाशासाठी. माझ्या मते त्याची खरी गरज रानात आहे, तीसुद्धा ढगाळ आणि ओल्या दिवशी. त्याने दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), तेवढी तयारी ठेव. आणि दर वेळी शेवटपर्यंत फिरवू नकोस. थोडी चमक राहिली तर पानांना आकार राहतो, सगळी काढली तर ती मेल्यासारखी दिसतात.

दुसरी: ऊन. माथ्यावरचं ऊन पानांच्या फटींतून ठिपक्या-ठिपक्यांनी खाली येतं. ठिपका आणि शेजारची सावली यांच्यात इतका फरक असतो की कॅमेरा दोन्ही एकत्र धरू शकत नाही. ढग आला की तेच रान एकदम शांत होतं. ऊनच हवं असेल तर सूर्य खाली असताना जा आणि त्याच्याकडे तोंड करून उभा राहा. पानातून आरपार आलेला प्रकाश पिवळसर हिरवा असतो, वरून पडून परतलेला प्रकाश निळसर. एकाच झाडाचे दोन बाजूंनी फोटो काढून बघ, वेगळी झाडं वाटतील.

तिसरी: व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाची रंगझाक सावरायची सेटिंग. दाट छताखाली सगळा प्रकाशच पानांतून गाळून आलेला असतो. खोडं, दगड, माणसाचं तोंड, सगळ्यावर हिरवट झाक येते. आपले डोळे ती सावरून घेतात, कॅमेरा कधी सावरतो कधी नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढ आणि नंतर किंचित मॅजेंटाकडे, म्हणजे जांभळट गुलाबीकडे सरकव. किंचितच.

चौथी, आणि हिच्यावर वाद होईल: हिरवा रंग नंतर वाढवायचा नाही, उलट उतरवायचा. हिरव्याचं सॅच्युरेशन (भडकपणा) थोडं कमी कर, छटा थोडी पिवळ्याकडे ने. पानं लगेच खरी दिसायला लागतात.

लेन्सबद्दल रानवाटताई सांगतीलच.

रानवाट

+१ जुनाट_ट्रायपॉड, विशेषतः पोलरायझर पूर्ण न फिरवण्याबद्दल.

नयन, सगळं मावावं ही इच्छाच रानात नडते. वाइड लेन्समध्ये पायाजवळचा पालापाचोळा फोटोचा निम्मा भाग खातो, वर फांद्यांतून आकाशाची पांढरी भोकं पडतात आणि मधली झाडं काड्यांएवढी होतात. ७० ते २०० मिमीची लेन्स लावून बघ. आकाश बाहेर राहतं, जमीन बाहेर राहते, आणि पाच-सात खोडांचा एकमेकांशी काय संबंध आहे तेवढंच उरतं. आकाशाच्या पांढऱ्या भोकांबद्दल मी फार कडक आहे. नजर सगळ्यात आधी तिकडेच पळते.

मोबाइलवर नक्की जमेल. त्यातल्या टेलिफोटो कॅमेऱ्याने काढ आणि एक्स्पोजर हाताने थोडं खाली घे. फक्त तो 'सुंदर' करून देणारा मोड बंद ठेव, कारण तो सावल्या उचलतो. रानातली खोली सावल्यांतच असते.

पर्णिका

मी वनस्पतीशास्त्राच्या बाजूने थोडं लिहिते, कारण काय होतंय हे कळलं की कधी जायचं हेही कळतं.

ऋतू म्हणजे सगळीकडे वसंत-ग्रीष्म-शरद-शिशिर असे ठोकळे नसतात. काही रानं थंडीमुळे पानं गाळतात, काही कोरडेपणामुळे. थंड प्रदेशातली बीच, मेपल, ओक ही झाडं दिवस लहान आणि थंड होऊ लागले की पानातला माल आत ओढून घेतात. हरितद्रव्य मोडतं आणि पानात आधीपासून असलेला पिवळा-नारिंगी रंग (कॅरोटिनॉइड) उघडा पडतो. लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो अँथोसायनिनचा, आणि बराचसा त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार पण न गोठणाऱ्या रात्री असा मेळ बसला की लाल चांगला चढतो. मोसम ढगाळ, उबदार गेला तर पिवळ्यावरच भागतं. त्यामुळे पिवळ्याचा भरवसा धरता येतो, लालचा नाही.

सूचिपर्णी म्हणजे सदाहरित असंही नाही. लार्च हे सूचिपर्णी झाड सोनेरी होऊन सगळ्या सुया गाळतं. गडद हिरव्या स्प्रूसमध्ये मिसळलेले लार्च म्हणजे फोटोसाठी आयती विभागणी.

कोरड्या पानगळीच्या रानात साग उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडा पडतो, पळस पानं टाकूनच फुलतो. आणि तिथला माझा सगळ्यात आवडता रंग पानगळीचा नसून पालवीचा आहे. कुसुमाची नवी पानं लालभडक असतात, तेही आजूबाजूचं रान करडं असताना. हा लाल पण अँथोसायनिनचाच, कोवळ्या पानाला तो तीव्र उन्हापासून आडोसा देतो असं मानतात. म्हणजे एका रानात जो रंग शेवटाचा, तोच दुसऱ्या रानात सुरुवातीचा.

अजून एक. छत मिटण्याआधीचे दिवस सोडू नका. थंड प्रदेशातल्या पानझडी रानांत जमिनीलगतची फुलझाडं याच काळात उरकून घेतात, कारण वर पानं आली की खाली प्रकाशच उरत नाही. त्या वेळी कोवळी पानं इतकी पातळ असतात की प्रकाश त्यांच्यातून जवळजवळ न अडता जातो. मागून ऊन असेल तर प्रत्येक पान दिवा होतं.

कोवळं_ऊन

पर्णिका, सुंदर प्रतिसाद. मी धुक्यावाला माणूस, तेव्हा धुक्यावर.

वरती रानवाट म्हणाल्या तसं, धुकं नजरेला थांबवतं. पहिली ओळ काळी, दुसरी करडी, तिसरी फिकट, मग काहीच नाही. हाताने जी खोली आणायला एरवी जिवाचा आटापिटा करावा लागतो ती हवेतून मिळते.

केव्हा मिळेल? आभाळ रात्रभर स्वच्छ, वारा नाही, आदल्या दिवशी पाऊस होऊन जमीन ओली: अशा रात्री जमीन उष्णता सोडून गार होते आणि तिच्यालगतच्या हवेतलं बाष्प थिजतं. सखल जागी आधी. सूर्य वर आला की विरतं, त्यामुळे उजाडायच्या आधी जागेवर असलं पाहिजे. जागा शोधत बसायला वेळ नसतो, आणि तिथेच या धाग्यातला मुद्दा लागू पडतो: ओळखीचं रान असेल तर अंधारातही पाय बरोबर झाडाशी नेतात.

कॅमेरा धुकं बघून फसतो. समोर सगळं उजळ आहे म्हणून तो फोटो करडा करतो. साधारण दोन-तृतीयांश ते एक स्टॉप अधिक द्या आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख) उजवीकडे, उजळ बाजूला झुकलेला असू द्या. धुकं खूप दाट असेल तर जवळ जा, विरळ असेल तर लांब लेन्स लावा, म्हणजे मधल्या हवेचा थर वाढतो.

आणि किरणं! धुक्याचे थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात. म्हणून सूर्याच्या दिशेला तोंड असेल तर किरणं ठळक दिसतात, सूर्य पाठीशी असेल तर जवळपास गायब. सूर्य एका जाड खोडामागे लपवायचा. एक पाऊल डावी-उजवीकडे झालं की सगळं बदलतं, तेव्हा ट्रायपॉड लगेच रोवू नका.

दगडफूल

माझं प्रेम पावसावर. पाऊस थांबून थेंब अजून ठिबकताहेत, तो तास.

ओल्या सालीवर पाण्याचा पापुद्रा बसतो, प्रकाश त्यात अडकून पुन्हा पुन्हा सालीत शिरतो आणि साल काळी दिसते. त्याच वेळी दगडफूल आणि शेवाळ हिरवंगार होतं. कोरड्या दगडफुलाचा वरचा थर अपारदर्शक राखी असतो. भिजला की तो पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसायला लागतं. काळी खोडं, झळाळती हिरवी बाजू: खोडं सुटी करायचं काम पाऊस स्वतः करून देतो. कोरड्या दिवशी त्याच झाडाकडे मी वळूनही बघत नाही.

काळजी एवढीच: बाहेरून आल्यावर बॅग बंद ठेवू नका. ओलसर, अंधाऱ्या जागी लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप खाते. लेन्स पुसून, वाळवून, सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात. जेल वापरलं की भाजून पुन्हा कोरडं करायचं, ते कुणी करत नाही.

तिरकस_चौकट

सगळं वाचलं, माहिती फारच उपयोगी आहे. पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. एकाच जागी उभं राहून तोच फोटो वर्षभर काढला तर ती नोंद झाली. चार ऋतूंचे चार चौकोन शेजारी लावलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. पहिल्यांदा छान वाटतं, मग लक्षात येतं की त्यातला एकही फोटो एकट्याने उभा राहत नाही. पालवीसाठी जी जागा योग्य ती धुक्यासाठी योग्य असेलच असं नाही. ऋतूप्रमाणे जागा बदलायला काय हरकत आहे?

पर्णिका

नोंदीला कमी लेखू नका हो. फेनोकॅम नावाचं जाळं २००८ पासून नेमकं हेच करतंय: रानावर रोखलेले स्थिर कॅमेरे, दिवसभर ठरावीक अंतराने फोटो. प्रत्येक फोटोत लाल, हिरवा, निळा यांच्या बेरजेत हिरव्याचा वाटा किती ते मोजतात, आणि त्या आलेखावरून पालवी कुठल्या दिवशी फुटली, पानगळ कधी सुरू झाली ते काढतात. रानाचं वेळापत्रक वर्षागणिक कसं सरकतंय हे त्यातून कळतं. त्याच्याही किती आधी, १७३६ पासून, रॉबर्ट मार्शम या इंग्रज जमीनदाराने पहिली पानं, पहिली फुलं यांच्या तारखा लिहायला सुरुवात केली होती. त्याच्याकडे कॅमेरा असता तर!

रानवाट

@तिरकस_चौकट, आक्षेप रास्त आहे, पण मी 'एकच तुकडा' म्हटलं, 'एकच चौकट' नाही. दोन वेगळी कामं आहेत. मालिका करायची तर चौकट तीच ठेवावी लागते. एरवी त्याच तुकड्यात पालवीला मी ओढ्याकाठी असते, धुक्यात चढावर, उघड्या रानात त्या दोन वाकड्या ओकांपाशी. जागा ऋतूप्रमाणे बदलतातच, फक्त त्या सगळ्या माझ्या ओळखीच्या असतात.

एलियट पोर्टर यांचं उदाहरण देते. शिक्षणाने डॉक्टर, पुढे पूर्णवेळ छायाचित्रकार. १९६२ साली आलेल्या त्यांच्या रंगीत फोटोंच्या पुस्तकात क्रमच ऋतूंचा आहे, पण चौकट कुठेही परत येत नाही. पाण्यावरची पानं, एखादी फांदी, खोडांचा एक पट्टा. आकाश फार कमी. त्या काळी गंभीर निसर्गचित्रण म्हणजे कृष्णधवल असं धरलं जायचं. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचे रंगीत फोटो मांडले, एकाच छायाचित्रकाराच्या रंगीत कामाचं ते त्या संग्रहालयातलं पहिलं प्रदर्शन. एवढ्याशा जागेत किती मावतं हे त्यांच्याकडून शिकावं.

तिरकस_चौकट

असं असेल तर आपलं भांडण नाही. पोर्टर पुन्हा बघतो.

हिमकण

बर्फाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ताजा बर्फ पडलेल्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के परत पाठवतो आणि कॅमेरा त्याला करडा करायला बघतो, त्यामुळे एक ते दीड स्टॉप अधिक. सावलीतला बर्फ निळा असतो, कारण तिथे फक्त आकाशाचा प्रकाश पोचतो. ती निळाई पूर्ण पुसू नका. बर्फ पडत असताना शटर १/२५० सेकंदाला ठेवलं तर ठिपके येतात, १/३० च्या आसपास रेघा. मला रेघा आवडत नाहीत, खोडांच्या उभ्या रेषा त्यात बिघडतात.

कोवळ्या बीच आणि ओकवर वाळलेली पानं हिवाळाभर टिकून राहतात. पांढऱ्या रानात तेवढाच तांबूस रंग. ती झाडं आधी शोधून ठेवा.

बॅटऱ्या थंडीत लवकर मान टाकतात, जास्तीची आतल्या खिशात अंगाशी ठेवा. घरात शिरण्याआधी कॅमेरा बंद पिशवीत घालून पिशवीतच उबदार होऊ द्या, नाहीतर लेन्सवर आणि आतही दव धरतं.

नवशिका_नयन

मला आता मालिका करून बघायचीच आहे. पण तीच चौकट दर वेळी नेमकी कशी जुळवायची? जमिनीवर खूण केली तर पाचोळ्याखाली जाईल. झाडावर खूण करायची नाहीये.

जुनाट_ट्रायपॉड

झाडावर खूण न करण्याबद्दल शाबास. खूण लागतच नाही, झाडंच खूण असतात. पहिला फोटो काढताना एक जवळचं खोड आणि एक लांबचं खोड असं बघ की जवळच्याची डावी कड लांबच्याच्या उजव्या कडेला जेमतेम टेकते. पुढच्या वेळी त्या दोन कडा टेकेपर्यंत आडवा सरक. एवढ्याने तू एका रेषेवर येतोस. अशीच दुसरी जोडी चौकटीच्या दुसऱ्या टोकाला धर, तीही जुळली की दोन रेषा जिथे छेदतात तिथे तू उभा आहेस. लांबच्या दोन फाटे फुटलेल्या फांदीची खूण उंचीसाठी. आधीचा फोटो मोबाइलवर जवळ ठेव, फोकल लेंथ आणि ट्रायपॉडची उंची लिहून ठेव.

मालिकेसाठी व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नकोस. ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपास एकदा बांध आणि बदलू नकोस. ऑटो काय करतो, तर पानगळीचा पिवळा बघून निळा मिसळतो आणि बर्फाचा निळा बघून पिवळा. ज्या फरकासाठी वर्षभर खेटे घातले तोच तो पुसतो.

ढगाळ प्रकाशच प्रत्येक वेळी घे, निदान मालिकेपुरता. ऊन आलं की ऋतूऐवजी उन्हाचाच फरक दिसतो.

दगडफूल

अवांतर: चौकटीत मध्ये येणारी एखादी काटकी मोडण्याबद्दल काय मत? मी सुटी पडलेली काटकी बाजूला करते, जिवंत फांदी कधीच नाही.

कोवळं_ऊन

मी पडलेलीही हलवत नाही, खाली कोण राहत असेल सांगता येत नाही. फांदी आड येत असेल तर दोरीने हलकेच मागे धरून फोटो झाल्यावर सोडता येते. आणि शेवाळावर गुडघा टेकू नका, चटई टाकूनसुद्धा. ते भरून यायला फार वेळ घेतं.

रानवाट

पडलेली काटकी मी हलवते, पण जागच्या जागी परत ठेवते. मालिकेत मात्र काहीच हलवत नाही, कारण तिथे पडझडही विषयाचा भाग आहे.

वारा राहून गेला. पानं भरलेली असताना वाऱ्यात शटर १/१२५ च्या खाली गेलं की टोकं पुसट होतात, तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करा आणि घाबरू नका. दाणेदार पान चालतं, हललेलं पान नाही. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ ते एफ ११. झुळकांच्या मध्ये स्थिर क्षण येतात, शटर तेव्हा दाबा. जोराचा वारा असेल तर मात्र जुन्या झाडांखाली उभं राहू नका, वाळक्या फांद्या न सांगता खाली येतात.

नयन, तुझ्या तुकड्यातली झाडं उघडी झाली की पहिला फोटो इथेच टाक. खोडांच्या जोड्या कुठल्या धरल्यास तेही त्यावर खूण करून दाखव, म्हणजे बाकीच्यांना सुचवता येईल.

नवशिका_नयन

टाकतो ताई. दोन जागा मनात आहेत, एक ओढ्याजवळ आणि एक चढावर. दोन्हींचे टाकेन, कुठली धरायची ते तुम्ही सगळे सांगा.